सरांचा अर्धा गुडघा

सरांना पेशंटची नावं कधी लक्षात राहिली नाहीत. सांधे राहायचे. सकाळी दवाखान्यात आले की व्यायामाच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या माणसांवरून एक नजर फिरवायची आणि आत येऊन मला सांगायचं, "डावा खांदा आलाय, दोन कंबरा आल्यात. कालचा रडका गुडघा दिसंना. फोन लाव त्याला." मी त्यांच्या हाताखाली फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले तेव्हा नुकतीच शिकून बाहेर पडले होते. आता माझं स्वतःचं क्लिनिक आहे, केस पांढरे व्हायला लागलेत, आणि दिवसभर "वाकवा, अजून थोडं, श्वास सोडा" एवढंच बोलून संध्याकाळी घरी तोंड उघडायची इच्छा उरत नाही. सरांना एवढंही बोलावं लागत नसे. ते फक्त "हं" म्हणायचे. त्या "हं"नं माणसं वाकायची.

सर मूळचे पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावचे. घरची शेती. आपण नेमकं काय काम करतो हे त्यांना वडिलांना शेवटपर्यंत समजावता आलं नाही. गावात कुणी विचारलं की वडील म्हणायचे, "पोरगा कोल्हापुरात हाडाचा डॉक्टर हाय." ही गोष्ट सांगून सर स्वतःच हसायचे. "हाडाचा डॉक्टर मोडलेलं जोडतो. मी जोडलेलं हलवतो. पण हे आबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, जोडलंय तर हलवतोस कशाला?"

त्यांच्या टेबलाच्या खणात एक गंजलेली बिजागरी असायची. कुठल्या तरी जुन्या दाराची, तळहाताएवढी. नवीन गुडघा आला की सर ती त्याच्या हातात द्यायचे. "उघडा." माणूस जोर लावायचा, बोटं लाल करून घ्यायचा. बिजागरी हलायची नाही. "वापर बंद झाला की हे असं हुतंय," सर म्हणायचे आणि बिजागरी परत खणात टाकायचे. शिकलेल्या माणसाला हा प्रकार अपमानाचा वाटे. एका प्राध्यापकांनी विचारलं होतं, "यात तेल का घालत नाही तुम्ही?" सर म्हणाले, "घातलं तर दाखवू काय?"

वॉर्डातून ते काखेत उशा घेऊन परत येत. ऑपरेशन झालेल्या पायाखाली, बरोबर गुडघ्याच्या मागे उशी घेतली की बरं वाटतं. पण तसंच पडून राहिलं तर गुडघा अर्धवट वाकलेला आखडतो आणि मग पूर्ण सरळ होत नाही. उशी घ्यायचीच तर टाचेखाली. सर हे एकदा सांगायचे. दुसऱ्यांदा दिसली तर उशी ओढून घ्यायचे. आमच्या खोलीच्या कोपऱ्यात उशांचा ढीग साचायचा आणि संध्याकाळी सिस्टर चिडून तो न्यायला यायच्या.

आणि त्यांचं पेपर वाचणं. खोलीत खुर्च्या होत्या, पण सर सकाळी जमिनीवर उकिडवे बसून पेपर वाचायचे. पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत, टाचा जमिनीला टेकवून. उठताना हात टेकायचा नाही. पन्नाशी उलटली तरी हे चालू होतं. पेशंट बघत असले तर ते मुद्दाम जरा जास्त वेळ बसत, असं मला वाटायचं.

पण सरांची खरी ख्याती होती ती हातांची. प्लॅस्टर काढल्यावर आखडलेला गुडघा त्यांच्याकडे आला की ते पेशंटला पालथं झोपवत, घोटा धरत आणि पाय मागे दाबत. माणसं ओरडत. बाहेरच्या बाकावरची माणसं उठून चहाला जात. मी सुरुवातीला डोळे मिटून घ्यायची. सर माझ्याकडे न बघताच म्हणायचे, "रडणं तोंडाचं काम, वाकणं गुडघ्याचं. दोघं आपापलं करतील." पुष्कळ गुडघे वाकलेही. माणसं महिन्याभरानं पेढे घेऊन यायची, पाया पडायची, आणि पडताना गुडघा किती वाकतोय हे सर वरून बघत असायचे.

तेव्हा तीच पद्धत होती. आता इतकं जोरानं कुणी दाबत नाही.

निवृत्त व्हायच्या सुमाराला सर उभ्यानं पेपर वाचायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढलाय." उभं राहण्याशी चष्म्याचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. पुढे दोनेक वर्षांनी रंकाळ्यावर भेटले तेव्हा उजवा पाय जरा बाहेर टाकत चालत होते. दुखतोय का म्हटल्यावर रागावले. त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, मला आत बोलावून हळूच सांगितलं की ते रात्री कूस बदलताना कण्हतात आणि सकाळी विचारलं तर नाही म्हणतात.

शेवटी काकूंनीच त्यांना आमच्या जुन्या दवाखान्यातल्या सर्जनकडे नेलं. हा सर्जन शिकाऊ असताना सरांच्या बोलण्याला घाबरून असायचा. त्यानं एक्स-रे लावला आणि सांगितलं की गुडघ्याची फक्त आतली बाजू झिजलीय. बाहेरची बाजू, वाटी, लिगामेंट सगळं चांगलं आहे. पूर्ण गुडघा बदलायची गरज नाही, अर्धाच बदलू.

"अर्धा?" सर म्हणाले. "म्हंजे अर्धा माझा आणि अर्धा कंपनीचा?"

सर्जननं नमुना हातात दिला. हाडावर बसवायचं एक वाकडं, चकचकीत झाकण, खाली एक चपटी पट्टी आणि मधे प्लॅस्टिकचा तुकडा. सरांनी तो बराच वेळ फिरवून बघितला. आयुष्यभर गुडघे हाताळले, पण ऑपरेशन त्यांनी बाहेरूनच पाहिलेलं. "एवढंच?" ते म्हणाले. त्यांना थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन ते वॉर्डात चालले. अर्ध्या गुडघ्याचं ते सोपं असतं, लवकर उभं राहता येतं, आपल्याच शिरा-दोऱ्या शाबूत असतात. तिथेच घात झाला. चालता येतंय म्हटल्यावर सरांना वाटलं, बाकीचंही आपल्याच हातात आहे. सर्जन घरी सोडताना म्हणाला, "सर, तुम्हाला मी काय सांगणार? पण हळूहळू." सर म्हणाले, "हळूहळू हा शब्द आळशी माणसानं काढलाय."

घरी गेल्यावर त्यांनी काकूंची एक जुनी सुती साडी घोट्याला बांधली आणि पालथं झोपून स्वतःच स्वतःचा पाय ओढायला सुरुवात केली. दुपारी काकू झोपल्या की गच्चीचा जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे त्यांनीच हजारो लोकांना शिकवलेलं, त्यात चूक नव्हती. फक्त ते किती वेळा चढत-उतरत होते हे कुणाला माहीत नव्हतं. पहिल्या आठवड्यात गुडघा इतका छान वाकला की त्यांनी मला फोन करून सांगितलं, "ये बघायला. पेशंट कसा असावा त्ये बघून जा."

मी जाईन जाईन म्हणत राहिले. मग काकूंचा फोन आला. "तू आत्ता ये. पाय नारळासारखा झालाय आणि हे बोलत नाहीत."

गुडघा सुजून तकतकत होता, हाताला गरम लागत होता. मी पोटरी दाबून बघितली, ताप बघितला, सर्जनला फोन केला. त्यानं बोलावून तपासण्या केल्या. जंतुसंसर्ग नव्हता, रक्ताची गाठ नव्हती. अति केलं होतं, एवढंच. बर्फ, विश्रांती, पाय उंच, आणि मग अगदी थोडं थोडं.

सूज उतरायला लागली तशी मी रोज संध्याकाळी क्लिनिक बंद करून त्यांच्याकडे जायला लागले. पहिल्या दिवशी खोलीत शिरले तर सर भिंतीकडे बघत पडलेले आणि गुडघ्यामागे उशी. मी उशीकडे बघितलं. त्यांनी मला बघताना बघितलं. मी उशी काढली, घडी घातलेला टॉवेल टाचेखाली ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसले.

"टाच गादीवरून स्वतःकडे ओढायची," मी म्हटलं. जणू त्यांना ते माहीतच नव्हतं.

टाच थोडी सरकली आणि थांबली. मी मदतीला गुडघ्याखाली हात नेला. तर मांडी दगडासारखी घट्ट झाली. हे मी रोज बघते. दुखायच्या आधीच माणूस असा आवळून घेतो. पण ही मांडी सरांची होती, आणि मला तिथे हात ठेवायला संकोच वाटला. मी जरासा दाब दिला.

"थांब," सर म्हणाले.

मी थांबले.

बाहेर काकू कुकर लावत होत्या. सर छताकडे बघत होते. मग म्हणाले, "थांबलीस का?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"मी कधी थांबलो न्हाय," ते म्हणाले. "आं? कवा थांबलेलं बघितलंस मला?"

मी टाचेखालचा टॉवेल नीट केला. त्यांना उत्तर नकोच होतं.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. बरा होणारा गुडघा बघणाऱ्याला दिसत नाही. आज थोडं वाकतं, उद्या त्याच्याहून कमी, परवा पुन्हा कालच्याइतकं. खाटेच्या कडेला बसून पाय खाली सोडायचा, चांगल्या पायानं त्याला आधार द्यायचा. मांडी आवळायची, सोडायची. गुडघा सरळ करून गादीत दाबायचा. बर्फ. पुन्हा तेच. मी दिवसभर हेच करून आलेली असायची आणि इथे परत हेच. कधी कधी पलंगाच्या कडेला बसल्या बसल्या माझा डोळा लागायचा आणि सर मला न उठवता एकटेच टाच सरकवत राहायचे. त्यांचाही उत्साह संपला होता. "कंटाळा आलाय ग पोरी," ते म्हणायचे, आणि तरीही करायचे.

अशाच एका संध्याकाळी ते म्हणाले, "मलकापूरची ती शिलाईवाली. आठवती का?"

मला आठवली. सरांच्या निवृत्तीच्या बऱ्याच आधीची गोष्ट. गुडघ्याखालचं हाड मोडून महिनोन्महिने प्लॅस्टरमध्ये राहिलेली बाई. पायानं चालवायचं शिलाई मशीन होतं तिचं, त्यामुळे पाय वाकणं तिला भाकरीइतकं गरजेचं. सरांनी तिच्यावर मनापासून मेहनत घेतली होती, म्हणजे इतरांपेक्षा जास्त दाबलं होतं. एक दिवस ती टेबलावरच बेशुद्ध पडली. शुद्धीवर आल्यावर पाणी प्यायली, पदर नीट केला, गेली, आणि परत आली नाही.

"पळाली, भित्री, असं म्हणालतो मी तवा," सर म्हणाले. "ती पळाली न्हवती. मी पळवली तिला." मग म्हणाले, "गाडी हाय न्हवं तुझी?"

त्यांना गाडीत आरामात बसता यायला लागल्यावर एका रविवारी आम्ही निघालो. सर पुढच्या सीटवर, सीट मागे सरकवून, काठी दोन पायांच्या मधे. रत्नागिरी रस्त्यानं मलकापूर गाठलं. गावात शिरल्यावर कळलं की बाईचं नावच त्यांना माहीत नाही. मलाही आठवेना. एका पानपट्टीशी गाडी थांबवली. सर काच खाली करून म्हणाले, "पावणं, हितं एक शिलाईवाली बाई... पायाला जरा..."

"सरळ पायाची शालनवहिनी व्हय?" पानवाला म्हणाला. "एसटी स्टँडच्या मागं. पुढं दुकान, मागं घर."

सरांनी काच वर केली.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. शालनवहिनी मशीनवर बसल्या होत्या. एक पाय मशीनखाली आणि दुसरा बाजूला लाकडी पाटावर, पट्टीसारखा सरळ. मशीनला आता मोटर होती. त्यांनी वर बघितलं आणि सरांना लगेच ओळखलं. उठायला गेल्या नाहीत.

"या सर. बसा की. मला उठाय वेळ लागतोय, तवर तुमीच बसा."

सर बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून उंबऱ्यात उभे राहिले.

"माझं चुकलं बाई," ते म्हणाले. "तुमच्या पायाचं. लई जोर लावला मी."

वहिनींनी मशीन थांबवलं, ब्लाउजचा दोरा दातानं तोडला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलंच तुमचं."

तुटलेला दोरा झटकत त्याच पुढे म्हणाल्या, "घरातली म्हणायची, डॉक्टर माणसावर राग धरू न्हाय. मी धरला. मशीनला मोटर लावूस्तोवर धरला. पुढं त्याचाबी कंटाळा आला. बसा आता." आणि सर बसल्यावर काठीकडे बघून, "तुमाला काय झालं?"

"गुडघा. अर्धा बदललाय."

"दुखलं?"

"लई."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या आणि आत सुनेला चहाची हाक दिली.

चहा झाला. सरांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "हात लावू का पायाला? बघतो फक्त."

इतक्या वर्षांत मी त्यांना हे विचारताना ऐकलं नव्हतं. वहिनींनी साडी पोटरीच्या वर घेतली. सरांनी आधी तळहात एकमेकांवर घासून गरम केले, मग गुडघ्यावर ठेवले आणि तसेच ठेवून राहिले. दाबलं नाही. वाटी इकडेतिकडे सरकवून बघितली. वहिनींचे डोळे मात्र मशीनवर होते आणि एका हातानं त्यांनी पाटाची कड धरली होती.

"आता वाकंल का?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यासारखा न्हाय," सर म्हणाले. "खोटं कशाला सांगू? लई वर्षं झाली. पण जरा हुईल. करायला पायजे."

"जरा म्हंजे?"

सरांना सांगता येईना. अंशात सांगायची त्यांची सवय.

"एसटीत बसल्यावर पाय आत घेता यील का?" वहिनींनीच विचारलं. "मधल्या वाटंत पाय पडतोय माझा. येणारा-जाणारा अडखळतोय. कंडक्टर ओरडतोय. मी जातच न्हाय कुटं आता."

"तेवढं हुईल," सर म्हणाले.

त्यानंतर सर दर गुरुवारी मलकापूरला जायला लागले. माझी गाडी नको म्हणाले, एसटीनं जायचे. स्वतःचा नवा गुडघा, काठी आणि बसच्या त्या उंच पायऱ्या. काकू चिडायच्या, "आयुष्यभर दवाखाना केला, आता एका बाईसाठी वणवण." मीही एकदा बोलले, की तिकडे जवळपास कुणी फिजिओ मिळेल. सर म्हणाले, "ती दुसऱ्याला हात लावून दील व्हय? मलाच पाय हलवू द्यायला तिला तीन गुरवार लागले." घरी आले की थकलेले असायचे. मी विचारलं, काय केलं आज, तर म्हणायचे, "काय न्हाय. शालनची टाच सरकवली, चहा प्यालो, आलो." कधी म्हणायचे, "आज तिला वेळ न्हवता. लग्नाचे ब्लाउज हायत. बसून आलो."

त्यांचा स्वतःचा गुडघा हळूहळू चांगला झाला. जिना चढायचे, बाजारात जायचे, काठी सुटली. उकिडवं बसायला सर्जननं मनाई केली होती आणि त्यांनी ती पाळली. पेपर टेबलावर पसरून वाचायचे. एका सकाळी पेपर घ्यायला दारात गेले आणि तिथेच पायरीवर बसले. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा ते गेलेले होते. हृदय. डॉक्टर म्हणाला, काही कळलंही नसेल.

तिसऱ्या दिवशी मी काकूंजवळ बसले होते. खोलीत सतरंजी घातली होती, बायका येत-जात होत्या. शालनवहिनी दारात दिसल्या. एकट्याच आलेल्या. मी उठून खुर्ची दिली. त्या बसल्या आणि माझी नजर आपोआप त्यांच्या पायाकडे गेली. सवयच आहे. त्यांच्या लक्षात आलं.

"वाकतोय तेवढा," त्या म्हणाल्या. "लई न्हाय." मग काकूंकडे वळल्या. काकूंना त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं. "जीव खाल्ला बघा त्यांनी माझा. दर गुरवारी. कवा वाटायचं, येऊ नयेत आज. आले की मशीन बंद करावं लागायचं."

काकूंना रडू आलं. वहिनींनी चहा घेतला, थोड्या वेळानं म्हणाल्या, "जातो मी. पाचच्या गाडीनं गेलो तर उजेडात पोचतो."

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. मलकापूरची गाडी फलाटाला लागलेली होती. वर चढताना मी हात पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. दांडी धरून एकेक पायरी वर गेल्या. गर्दी होती. पुढच्या एका सीटवर बाहेरच्या बाजूला त्या बसल्या आणि पाय वाटेत राहिला. मागून चढणाऱ्या माणसानं तो ओलांडला.

"ओ मावशी, आत सरका की," कंडक्टर म्हणाला. "खिडकीची जागा मोकळीच हाय."

वहिनी आत सरकल्या. पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली. मग पाय मागे घेतला, थांबल्या, पुन्हा थोडा घेतला. मी खालून खिडकीतून बघत होते. त्यांचा चेहरा ताठ झाला होता, ओठ मिटलेले. शेजारी एक बाई पिशवी मांडीवर घेऊन येऊन बसली. तिला पाय ठेवायला पुरेशी जागा होती.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मी हात वर केला. पण वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या खाली, सीटखाली गेलेल्या स्वतःच्या पायाकडे बघत होत्या.